तान्ह्या बाळाचे डोके : चपटेपणा कसा टाळावा व कसा घालवावा

आपल्या संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असे चिटणीसांनी सांगितले, तेव्हा विषय कोणता घ्यावा ह्याचा मला फारसा विचार करावा लागला नाही. संस्थेच्या बालआरोग्य केंद्रात दर गुरुवारी बसण्यास मला आता पुष्कळ वर्षे झाली. ताप, खोकला, हगवण ह्या नेहमीच्या तक्रारी तर असतातच. परंतु अलीकडे एक नवी तक्रार वारंवार कानी येते. दोन-तीन महिन्यांचे बाळ मांडीवर घेऊन आई बसते, त्याचे टोपडे काढते आणि खालच्या आवाजात म्हणते, "डॉक्टरीणबाई, ह्याचे डोके एका बाजूने चपटे झाले आहे हो!"

बहुधा आजीबाईही बरोबर आलेल्या असतात. "आमच्या वेळी असे होत नव्हते. हिने राईची उशी घेऊच दिली नाही," असे त्या सांगतात. सूनबाई खाली मान घालून बसते. मूल मात्र दोघींकडे आळीपाळीने पाहून हसत असते! अशा वेळी तिघांचेही समाधान करावे लागते. ते केंद्रातल्या पाच मिनिटांत नीट होत नाही. म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

कवटी मऊ का असते?

मोठ्या माणसाची कवटी एकसंध व टणक असते. तान्ह्या बाळाची तशी नसते. ती अनेक पातळ हाडांची असून त्या हाडांमध्ये मऊ सांधे असतात. जेथे दोनांहून अधिक सांधे एकत्र येतात तेथे हाड नसलेली जागा राहते. कपाळाच्या वरची मोठी जागा म्हणजे आपल्या सर्वांच्या परिचयाची टाळू. मागेही एक लहान टाळू असते. ती साधारण दोन महिन्यांत बुजते. पुढची टाळू बहुतेक मुलांत वर्ष ते दीड वर्षात भरते; काहींत थोडी आधी, काहींत थोडी नंतर.

ही योजना निसर्गाने दोन कारणांसाठी केली आहे. एक म्हणजे जन्माच्या वेळी अरुंद वाटेतून बाहेर पडताना हाडे एकमेकांवर किंचित सरकावीत. म्हणून नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे डोके पुष्कळदा लांबट दिसते. ते काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप गोल होते. त्यासाठी कोणी दाबावे लागत नाही. दुसरे कारण मेंदूच्या वाढीचे. जन्मतः डोक्याचा घेर सुमारे ३४ सेंटिमीटर असतो. वर्षाअखेर तो ४५-४६ सेंटिमीटरपर्यंत जातो. त्यांतही पहिल्या तीन महिन्यांत तो महिन्याला जवळजवळ २ सेंटिमीटर वाढतो, पुढील तीन महिन्यांत महिन्याला १ सेंटिमीटर आणि त्यानंतर अर्धाच. मेंदू आतून वाढतो आणि कवटी त्याला जागा करून देते.

हे एवढे लक्षात ठेवले की पुढचे सर्व समजते. डोके वेगाने वाढत असते तेव्हाच ते चपटे होते, आणि ह्या वाढीच्या जोरावरच ते पुन्हा गोलही होते.

चपटेपणा येतो कसा?

परसातला भोपळा जमिनीला टेकून वाढला तर टेकलेली बाजू सपाट राहते आणि मोकळी बाजू फुगते, हे आपण पाहतो. डोक्याचेही तसेच आहे. मूल सतत उताणे राहिले तर मागची संपूर्ण बाजू सपाट होते व डोके रुंद दिसते. मूल नेहमी उजवीकडेच मान वळवून राहिले तर उजवी मागची बाजू बसते. मग वरून पाहिल्यास डोके तिरपे दिसते, त्या बाजूचा कान किंचित पुढे सरकलेला असतो आणि कधी कधी कपाळही त्याच बाजूने थोडे पुढे आलेले असते.

हे किती मुलांना होते? न्यूझीलंडमध्ये २०० बाळांची जन्मापासून दोन वर्षे पाहणी करून तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांच्या वयात शेकडा १६ बाळांत चपटेपणा होता, चार महिन्यांच्या वयात शेकडा २०, वर्षाच्या वयात शेकडा ७, आणि दोन वर्षांच्या वयात शेकडा ३. कॅनडातील कॅल्गरी शहरात ७ ते १२ आठवड्यांची ४४० बाळे तपासली, त्यांपैकी २०५ बाळांत कमीअधिक चपटेपणा आढळला. ही पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. परंतु त्या २०५ पैकी बहुतेकांचा चपटेपणा सौम्यच होता. म्हणजे ही गोष्ट फार सामान्य आहे. चौथ्या महिन्याच्या सुमारास ती सर्वांत अधिक दिसते आणि मूल बसू-रांगू लागले की उतरणीस लागते.

अपुऱ्या दिवसांची बाळे, जुळी, पहिलटकरणीची मुले, चिमटा वा तशा साधनाने प्रसूती झालेली मुले आणि ज्यांची मान एका बाजूला आखडलेली आहे अशी मुले ह्यांना हा त्रास अधिक होतो. मुलींपेक्षा मुलांत तो जरा जास्त आढळतो.

आयांना प्रथम हे सांगावयाचे की अशा चपटेपणाने मेंदू दबत नाही. बुद्धी कमी होत नाही. आणि हा आईच्या हेळसांडीचा पुरावाही नव्हे.

उताणे निजविणे सोडू नका

"मग पालथेच निजवावे, म्हणजे झाले," असे कित्येकजणी म्हणतात. येथेच खरा धोका आहे. पालथ्या झोपलेल्या तान्ह्या बाळाला झोपेत अकस्मात मृत्यू येण्याचा संभव अधिक असतो, हे १९८० नंतरच्या दशकात अनेक देशांतील संशोधनाने दिसून आले. १९९२ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने बाळांना पालथे निजवू नये असे सांगितले आणि १९९४ पासून तेथे उताणे निजविण्याची मोठी मोहीम झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. ह्या मोहिमेनंतर चपट्या डोक्यांची संख्या वाढली, हेही खरे. परंतु हजारो जीव वाचले आणि काही डोकी थोडी चपटी झाली, असा हा व्यवहार आहे. त्यात कोणते पारडे जड, हे सांगावयास नको.

म्हणून नियम असा : झोपताना बाळ उताणेच, टणक व सपाट अंथरुणावर, उशीवाचून, तोंडावर येतील अशी सैल दुपटी-गोधड्या जवळ न ठेवता. वर्षाचे होईपर्यंत हे पाळावे. मूल स्वतः दोन्हीकडे कुशी बदलू लागले म्हणजे, उताणे निजविल्यावर ते आपण होऊन वळले तर, पुन्हा पुन्हा सरळ करीत बसण्याची गरज नाही. चपटेपणाचा उपाय झोपेत करावयाचा नसून जागेपणी करावयाचा आहे.

राईची उशी, मालीश आणि टाळूचे तेल

आता आजीबाईंच्या उशीविषयी. मोहरी किंवा राळे भरलेली लहानशी उशी देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे, आणि तिच्यामागचे प्रेम मी जाणते. परंतु मूल थोडे सरकले म्हणजे ती उशी मानेखाली येऊन हनुवटी छातीला टेकते, नाहीतर तोंडाशी येऊन श्वास अडतो. शिवण उसवली तर दाणे नाकातोंडात जातात. बाजारात 'डोके गोल करणाऱ्या' खळग्याच्या उशा मिळतात, त्यांनाही हेच लागू आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा उशा वापरूच नयेत, असा स्पष्ट इशारा दिला. तेव्हा आजीबाईंनी ती उशी आठवण म्हणून जपून ठेवावी. बाळाच्या डोक्याखाली ठेवू नये.

दुसरी चाल डोके दाबून घडविण्याची. न्हाऊ घालणारी बाई दोन्ही तळव्यांनी डोके दाबते, नाक ओढते, "आता बघा कसे नारळासारखे गोल होते," असे म्हणते. जगात पुष्कळ ठिकाणी अशा समजुती होत्या. प्राचीन पेरू देशात फळ्या व पट्ट्या बांधून मुलांची डोकी मुद्दाम लांब करीत. पण तेथे दाब महिनोन् महिने सतत असे. रोज चार मिनिटे दाबल्याने हाडाचा आकार बदलत नाही. बाळ मात्र कळवळते. तेल हलक्या हाताने लावावे, चोळावे, बाळाला ते आवडते. दाबू मात्र नये.

तेल थापून टाळू 'भरत' नाही. ती हाड वाढून भरते. मात्र हगवण-ओकारी झालेल्या मुलाची टाळू खोल गेलेली दिसली तर ते अंगातील पाणी कमी झाल्याचे लक्षण आहे. आणि मूल शांत बसलेले असतानाही टाळू वर फुगलेली दिसली तर तेही गंभीर आहे. दोन्ही वेळी तेलाची वाटी बाजूला ठेवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

पण जुने सगळेच टाकाऊ नाही, हेही मला तितक्याच आग्रहाने सांगावयाचे आहे. न्हाऊ घालणारी बाई पाटावर बसून पाय लांब करते आणि बाळाला नडग्यांवर पालथे घेऊन पाठ चोळते, ते काय आहे? आजचे डॉक्टर जागेपणी बाळाला पोटावर ठेवा म्हणून जो उपदेश करतात, तोच तो! मान वर उचलण्याची ती पहिली शाळा. शिवाय एकत्र कुटुंबात मूल दिवसभर हातोहाती फिरे; आत्याच्या खांद्यावर, काकांच्या हातावर, आजीच्या मांडीवर. डोके टेकून राहावयास त्याला सवडच नसे. "आमच्या वेळी असे होत नव्हते" ह्या आजीबाईंच्या म्हणण्यात जे तथ्य आहे ते उशीत नाही. ते ह्या हातांत आहे. आज घरात दोनच माणसे, त्यांतले एक कामावर. मूल पाळण्यातून खुर्चीत, खुर्चीतून मोटारीच्या बैठकीत आणि तेथून पुन्हा पाळण्यात जाते. सर्वत्र डोके टेकलेलेच.

घरी काय करावे?

माझ्या घरची गोष्ट सांगते. माझी नात तीन महिन्यांची असताना तिची उजवी बाजू चांगलीच बसली. डॉक्टरीणबाईंच्या घरीच हे, म्हणून सर्वांना गंमत वाटली. मला वाटली नाही. आम्हा बडोद्याच्या मराठी मंडळींच्या घरात गुजराती शेजाराने घोडियुं केव्हाच आले आहे. आमचेही घोडियुं एका कोपऱ्यात भिंतीला लावलेले होते. नातीच्या डावीकडे कोरी भिंत आणि उजवीकडे स्वयंपाकघराचे दार. दारातून आई येई, उजेड येई, भांड्यांचा आवाज येई. पोर भिंतीकडे कशाला पाहील? मी घोडियुं मुळात कमीच केले. त्यात ती झोळीत वाकून, डोके एका जागी दाबून तासन् तास पडत असे. झोपण्यास टणक गादी दिली आणि आता डोके ज्या बाजूला होते त्या बाजूला पाय केले, म्हणजे दार तिच्या डाव्या हाताला आले. ती आपोआप डावीकडे पाहू लागली. आठ-दहा आठवड्यांत फरक डोळ्यांना दिसला आणि वर्षाची झाली तेव्हा केसांखाली काही उरले आहे असे सांगूनही कोणास पटेना.

हाच उपाय थोडा विस्ताराने असा :

१. दिशा बदला. बाळ उजेडाकडे, माणसांकडे व आवाजाकडे पाहते. एक दिवस डोके एका टोकाला, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टोकाला ठेवा. एक बाजू आधीच बसली असेल तर पाहण्याजोगे सगळे विरुद्ध बाजूला येईल असे करा. उताणे झोपलेल्या बाळाचे तोंड हळूच त्या बाजूला वळवावे. अंग वळवू नये.

२. जागेपणी पालथे ठेवा. घरी आल्याच्या दिवसापासून दिवसातून दोन-तीन वेळा तीन-पाच मिनिटे, आणि कोणीतरी समोर बसून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितल्याप्रमाणे, अजून सरकू न लागलेल्या बाळाला दिवसभरात मिळून निदान अर्धा तास असे पोटावर ठेवावे. सतरंजीवर रडत असेल तर आपण मागे रेलून बसावे आणि त्याला छातीवर पालथे घ्यावे. आईचे तोंड पाहण्यासाठी ते मान उचलतेच. दूध पाजल्याबरोबर मात्र पालथे घालू नये.

३. हात बदला. अंगावर पाजताना बाजू आपोआप बदलते. बाटलीने वा वाटी-चमच्याने पाजणारी आई मूल बहुधा डाव्याच हातावर घेते. तेथे आठवणीने हात बदलावा. खांद्यावर घेतानाही खांदा बदलावा.

४. टेकून ठेवण्याचा वेळ कमी करा. मोटारीची बैठक प्रवासासाठी आहे, घरी निजविण्यासाठी नाही. बाबागाडी, खुर्ची ह्यांत एका वेळी तासाहून अधिक बांधून ठेवू नये, असेही जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे.

५. जीवनसत्त्व 'ड' द्या. आपल्याकडे ऊन भरपूर असूनही मुलांत ह्याची उणीव पुष्कळ असते व त्यामुळे हाडे मऊ राहतात. पहिले वर्षभर रोज ४०० एककांचे थेंब द्यावेत, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे मत आहे. मात्रा डॉक्टरांना विचारूनच द्यावी.

सहाव्या आठवड्याच्या लसीला जाल तेव्हा बाळाचे डोके वरून पाहण्याची सवय लावा. लवकर लक्षात आले तर लवकर सुधारते. कारण वाढीचा वेग पहिल्या सहा महिन्यांतच अधिक असतो.

मान आखडली असेल तर

बाळ एकाच बाजूला वळते, दुसरीकडे वळविले की रडते, डोके एका खांद्याकडे कललेले असते; अशा वेळी मानेच्या बाजूचा स्नायू आखूड वा घट्ट झालेला असू शकतो. येथे केवळ गादी फिरवून भागत नाही. डॉक्टरांना दाखवून फिजिओथेरपीच्या जाणकाराकडून मानेचे व्यायाम शिकून घ्यावेत आणि ते घरी रोज नेमाने करावेत. पहिल्या काही महिन्यांत सुरुवात केली तर बहुतेक मुलांची मान शस्त्रक्रियेवाचून सुटते. न शिकता मान ओढण्याचा प्रयोग मात्र कोणी करू नये.

हेल्मेटविषयी

परदेशातील नातेवाइकांकडून अलीकडे हेल्मेटची माहिती येते. बाळाच्या मापाचे शिरस्त्राण करून ते दिवसाचे २३ तास कित्येक महिने घालावयाचे; ते फुगलेल्या बाजूस अडवते व चपट्या बाजूस वाढीला जागा ठेवते. कल्पना सयुक्तिक आहे. परंतु हॉलंडमध्ये मध्यम ते तीव्र चपटेपणा असलेल्या ८४ बाळांचे दोन गट करून, एकास हेल्मेट देऊन व दुसऱ्यास न देता पाहिले. २०१४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की दोन वर्षांच्या वयात दोन्ही गटांत फरक नव्हता : पूर्ण सुधारलेली मुले एकात शेकडा २६, दुसऱ्यात शेकडा २३. घाम, कातडी लाल होणे, वास अशा तक्रारी हेल्मेटच्या गटात सर्वांनाच होत्या. फार तीव्र व्यंग असेल आणि इतर उपायांनी उतरत नसेल तर तज्ज्ञ अजूनही हेल्मेटचा विचार करतात, व तो बहुधा चौथ्या महिन्यानंतर आणि वर्षाच्या आत. परंतु सामान्य चपटेपणासाठी कर्ज काढून ते आणण्याचे कारण नाही. आपल्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही.

केव्हा थांबू नये?

आता जे लिहिणार आहे ते लिहिणे मला सोपे नाही. २००९ साली आपल्याच वस्तीतील एक आई दोन महिन्यांचा मुलगा घेऊन माझ्याकडे आली. डोके लांबट व अरुंद होते. मी घाईत होते. "जन्माच्या वेळचा आकार आहे, जाईल," असे सांगून मी तिला परत पाठविले. घरी मालीश चालू राहिली. नंतर ती आली तेव्हा मूल अकरा महिन्यांचे होते आणि डोके अधिकच लांबले होते. मधोमध बोट फिरविले तर हाडाचा उंचवटा लागत होता. कवटीचा मधला सांधा वेळेआधीच जुळून गेला होता. पहिल्याच दिवशी मी बोट फिरविले असते तर ते मला तेव्हाच कळले असते. मुंबईस नेऊन शस्त्रक्रिया झाली, मुलगा सुखरूप आहे आणि शाळेत चांगला आहे. पण हातचे नऊ महिने मी घालविले, हे मी विसरलेली नाही. त्या दिवसापासून प्रत्येक बाळाच्या डोक्यावरून मी बोटे फिरविते.

सांधे असे लवकर जुळण्याचा विकार साधारण दोन ते अडीच हजारांत एका बाळाला असतो. विरळा, पण तो आपोआप बरा होत नाही, आणि शस्त्रक्रिया करावयाची तर ती पहिल्या वर्षात, शक्यतो लवकर, करणे हिताचे असते. म्हणून पुढील खुणा दिसल्यास वाट पाहू नये : आकार जन्मापासूनच वेगळा असून दिवसेंदिवस वाढत जाणे, सांध्यावर कडक उंचवटा हाताला लागणे, टाळू फार लवकर बुजणे, डोक्याचा घेर वाढेनासा होणे, चपट्या बाजूचा कान पुढे न सरकता मागे ओढलेला दिसणे. तसेच मूल मान धरणे, कुशीवर वळणे, बसणे ह्यांत मागे पडत असेल, किंवा घरचे उपाय नेमाने दोन महिने करूनही काहीच फरक नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. बहुधा हाताने व डोळ्यांनी पाहूनच निदान होते. उगीच क्ष-किरण काढावे लागत नाहीत.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण म्हणतो. डोके मात्र पाळण्यातच बिघडते. ते सुधारावयाचे तर मुलाला पाळण्याबाहेर काढावे लागते. आजीबाईंना माझी विनंती एवढीच की उशी शिवण्यात जो वेळ जाईल तो नातवंडाला मांडीवर पालथे घेऊन त्याच्याशी बोलण्यात घालवावा. सूनबाईंना विनंती की त्यांना तो घालवू द्यावा. आणि घरातील पुरुषमंडळींनीही संध्याकाळी वर्तमानपत्र खाली ठेवून अर्धा तास बाळाला खांद्यावर घ्यावे. ह्या औषधाला पैसा लागत नाही. शंका असेल त्यांनी बाळाला घेऊन कोणत्याही गुरुवारी केंद्रात यावे. बोट फिरवून पाहण्यास मला वेळ आहे.